शेंडेनक्षत्राचा ठाव

परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक म्हणून उभं राहण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नसेल. मुलं माना खाली घालून लिहीत असतात, पंखे आपल्या तंद्रीत फिरत असतात, आणि आपण उगीचच करड्या चेहऱ्यानं बाकांमधून चकरा मारायच्या. परवा अशीच खिडकीपाशी थबकले आणि कडुलिंबाच्या फुलांचा वास आला. पुण्यात या दिवसांत सगळे आंब्याच्या मोहोराचं कौतुक करतात. कडुलिंब बिचारा रस्त्याच्या कडेला मुकाट्यानं फुलतो, आणि त्याची बारीक पांढरी फुलं रिक्षांच्या टपांवर पडून जातात. कुणी वर बघतसुद्धा नाही. मी मात्र तो गोडसर, किंचित धुळकट वास आला की आहे तिथंच राहत नाही. मार्च निम्मा सरला की तमिळ पंचांगात पंगुनी महिना लागतो, आणि माझ्यासाठी पंगुनी म्हणजे कुंभकोणम, शहाऐंशी साल आणि अम्मा. एका मुलानं पुरवणी मागायला हात वर केला होता, तो तसाच ताटकळत राहिला.

त्या वर्षी धूमकेतू आला होता. शहात्तर वर्षांनी एकदा येतो तो. पण ‘धूमकेतू’ हा शब्द मी पुढं पुण्यात येऊन शिकले. आमच्या घरी त्याला शेंडेनक्षत्र म्हणत. शेंडी असलेलं नक्षत्र, झालं. मराठ्यांच्या राज्याबरोबर जी घराणी तंजावरकडे गेली आणि तिथंच राहिली त्यांतलं आमचं एक. शाळेत, बाजारात, देवळात तमिळ. उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तीही निघताना बरोबर नेली होती तशीच. लग्न करून पुण्याला आले, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी काहीतरी विचारलं तेव्हा बोलून गेले, “मज ठावें नाही.” स्टाफरूममध्ये हशा पिकला. “अहो मॅडम, कीर्तनातून आलात की काय?” मीही हसले. दुसरं काय करणार? हळूहळू इथल्यासारखी बोलायला शिकले, आता लिहितेही तशीच. फक्त कुंभकोणमला फोन लागला की जीभ आपली आपण मागं वळायची.

‘ठावें’ या शब्दावर मात्र माझा जीव आहे. ठाव म्हणजे जागा, ठिकाण. आणि ठावें आहे म्हणजे माहीत आहे. एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती कुठं आहे ते सापडणं, हे आमच्या घरी एकाच शब्दात भागत होतं. तेव्हा हे लक्षातही आलं नव्हतं.

आमचं घर लांबोडकं होतं. रस्त्यालगत तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा. मग पुढची खोली, मग वर आभाळ उघडं असलेला चौक, मग सैपाकघर, आणि सगळ्यात शेवटी कोल्लै, म्हणजे परसू. तिथं विहीर, केळी आणि कडुलिंब. सगळं एका सरळ रेषेत. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातून केळीची पानं हलताना दिसायची. भाड्याचंच घर, पण अम्मानं त्याचा कानाकोपरा आपलासा केला होता. पंगुनीत कडुलिंबाखाली जुनं धोतर अंथरलेलं असायचं. त्यावर पडलेली फुलं गोळा करून ती वाळवायची, तुपात परतायची आणि साराला फोडणी द्यायची. कडू सार. मी नाक मुरडायची. आता तेच सार पुण्यात करायला जाते आणि दर वेळी काहीतरी हुकतं.

अप्पा कावेरीकाठच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. वर्गात ते फार बोलत म्हणे. घरी येईपर्यंत शब्द संपलेले असायचे. “सरि,” म्हणजे बरं, एवढ्या एका शब्दावर त्यांची संध्याकाळ निघायची. जेवायला वाढूं की? सरि. मामा येणार म्हणून निरोप आलाय. सरि. अम्मा त्यांना चिडवायची, “कॉलेजांतल्या पोरांस पैसे देऊन ऐकायला मिळतें, मज फुकट कोण देईल?” त्यावर ते हसायचे आणि पुन्हा म्हणायचे, सरि.

अम्मा गाणं शिकलेली होती. कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, वगैरे केली नाही कधी, पण कान असा की रस्त्यानं जाणाऱ्या बसचा भोंगा ऐकून सांगायची, ही येत्ये की जात्ये. तिरुविडैमरुदूरच्या बाजूनं येणारी गाडी शिट्टी देत गेली की ती हातातलं काम थांबवून म्हणायची, “उतरली बघ श्रुती. गेली गाडी.” जवळ येणाऱ्याचा आवाज चढा लागतो, लांब जाणाऱ्याचा उतरतो, यामागचं शास्त्र मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी सैपाकघरात ऐकलं होतं. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न आला तेव्हा उत्तर लिहिताना मला फोडणीचा वास येत होता.

त्या हिवाळ्यात अम्मा धडपडायला लागली. आधी संध्याकाळीच. दिवे लागणीच्या वेळी चौकातल्या खांबाला खांदा आपटायचा, पायरी चुकायची. आम्ही हसलो सुद्धा एकदोनदा. मग एकदा तिण्णैवर बसलेल्या शेजारणीच्या मांडीवरच ती बसली, आणि कुणी हसलं नाही. तिरुच्चीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ही नजर रात्रीची आधी जाते, मग कडेनं आत आत मिटत येते, औषध नाही. वर्ष म्हणा, दोन म्हणा. काय बघायचं ते आत्ता बघून घ्या, असं त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं असणार. परतीच्या बसमध्ये अम्मा खिडकीपाशी बसली होती. भात कापून झालेल्या शेतांत उडीद उगवला होता, ते हिरवं मैलोन्‌मैल पसरलेलं होतं. ती त्याच्याकडे एकटक बघत होती. अप्पांनी विचारलं, “काय पाहावें वाटतें तुज? रामेश्वर? काशी?”

अम्मा म्हणाली, “शेंडेनक्षत्र.”

तिच्या वडिलांनी लहानपणी ते पाहिलं होतं, तिच्या माहेरी, इन्नंबूरच्या शेतात उभं राहून. एकोणीसशे दहा सालची गोष्ट. आभाळभर पिसारा, कोंबडी आरवायची विसरली, वगैरे वगैरे. दर वर्षी त्या वर्णनात भर पडायची म्हणे. गोष्ट संपली की ते अम्माला मांडीवर घेऊन म्हणायचे, मज एकदांच दिसलें, पुन्हा येईल तेव्हां मी नाही, तूं पाहा. अम्मा लहानपणापासून ते वर्ष मनात धरून होती. दुसऱ्या बायकांच्या मनात मुलीचं लग्न असतं, घर असतं. हिच्या मनात शहाऐंशी साल होतं. आणि आता ते उजाडलं होतं, पण ते नक्षत्र दिसणार होतं पहाटेच्या काळोखात, आणि तिला काळोखातलं दिसेनासं झालं होतं. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. बोललं कुणीच नाही. मी सोळा वर्षांची होते, माझी बारावीची परीक्षा होती, आणि मला वाटायचं, मोठ्या माणसांनी काहीतरी उपाय काढलेला असणारच.

मार्चमधली एक संध्याकाळ. करंट गेला होता. चौकात दगडी पायरीवर अप्पा बसले होते, मी उद्याच्या पेपरच्या नावानं पुस्तक मांडीवर घेऊन, आणि अम्मा सैपाकघराच्या दारात सुपारी कातरत. अप्पा एकाएकी बोलायला लागले. कॉलेजच्या वाचनालयात त्यांनी काहीतरी वाचलं होतं, आणि ते पोटात राहत नव्हतं. त्या शेंडेनक्षत्राला भेटायला यानं निघाली आहेत, म्हणाले. दोन रशियाची, ती पुढं. युरोपचं एक मागून येतंय, त्याला अगदी खेटून जायचं आहे. पण अडचण अशी की त्या शेंडेनक्षत्राच्या पोटात जो खरा दगड, तो एवढासा, एखाद्या गावाएवढा. आणि तो आपल्याच धुळीत लपलेला. इथून दुर्बिणीनं बघितलं तर नुसता धूर दिसतो. मग मागच्या यानानं जायचं कुठं?

“पुढें गेलेल्यांस विचारावें,” अम्मा अडकित्ता न थांबवता म्हणाली.

“तेंच!” अप्पा उभेच राहिले. “पुढच्या दोघांनीं जवळून जातां दगड पाहिला. आमच्यापासून अमक्या बाजूस आहे म्हणून सांगितलें. पण ते स्वतः कोठें आहेंत?”

“तें त्यांस ठावें नाही की?”

“त्यांस कसें ठावें? तेथ काय मैलाचे दगड आहेंत?” मग अप्पांनी ते सांगितलं, जे मी आज दर वर्षी मुलांना शिकवते आणि कधीही त्यांच्याइतकं चांगलं शिकवू शकत नाही. यान रेडिओवर सारखा एक सूर लावून असतं. तो सूर इथं पृथ्वीवर दोन ठिकाणी ऐकायचा, एकमेकांपासून हजारो मैल लांब. एका कानाला तो जरासा आधी पोचतो, दुसऱ्याला जरासा नंतर. त्या फरकावरून आवाज कुठल्या बाजूनं येतो ते कळतं. सूर चढला की उतरला यावरून कळतं की यान येतंय की जातंय. एवढं जमलं की यानाचा ठाव लागला. यानाचा लागला की दगडाचा लागला. आणि हे ऐकायला ज्या देशांची एकमेकांशी धड बोलचालही नव्हती, त्यांनी आपापले कान लावले होते.

“म्हणजे पाहायचें काम नाही,” अम्मा म्हणाली. “ऐकायचेंच.”

 मला वाटलं, आता अप्पा सरि म्हणतील. पण ते अंधारातच पुढच्या खोलीत गेले आणि तिथून मोठ्यानं म्हणाले, “रुक्कू, तूं कोल्लैंत जा. विहिरीपाशीं. काहीतरी वाजव.” मी बादलीवर तांब्या वाजवायला लागले. पुढून अप्पा लाकडी पेटीवर बोटांनी ताल धरत होते. “आतां तूं चाल,” ते अम्माला म्हणाले, “आणि कोठें आहेस तें सांग.” अम्मा हसत होती, लाजत होती, हे काय खुळ म्हणत होती, पण चालत होती. “चौक... चौकाच्या मध्यें. दोन्ही सारखें ऐकूं येतें.” मग थोड्या वेळानं, “सैपाकघराचा उंबरा. रुक्कू थोर जाली, तुम्ही ल्हान जालांत.” करंट आला तेव्हा ती खरोखर उंबऱ्यावर उभी होती, हात किंचित पसरून, डोळे मिटलेले. दिवे लागले तरी तिनं ते लगेच उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन रेडिओ लागले. पुढच्या खोलीत अप्पांचा जुना व्हॉल्व्हचा, मागं सैपाकघराच्या फळीवर माझा ट्रान्झिस्टर. पहिल्या दिवशी अप्पांनी घोळ घातला. त्यांनी दोन वेगवेगळी स्टेशनं लावली, ओळखायला सोपं म्हणून. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरच असेल. पण अम्मा चौकात कानांवर हात ठेवून उभी. “एथून नादस्वर, तेथून बातम्या! मज वेड लावायचें आहे काय? दोन्हीकडे एकच लावा. श्रुती एक असली तर ठाव लागतो.” मग एकच स्टेशन लागलं. व्हॉल्व्हच्या सेटला तापायला वेळ लागायचा, तो बापडा मागाहून गाणं पकडायचा, तेवढा वेळ अम्मा जिथं असेल तिथं थांबून राहायची. मग पुढचा आवाज उमटला की पाऊल उचलायची. सबंध घरभर एकच गाणं दोन टोकांनी भरून असायचं. मी त्या गाण्याच्या मध्ये बसून अभ्यास केला. आजही एखाद्या खोलीत एकाच बाजूनं गाणं येत असलं की मला उगाचच खोली कलल्यासारखी वाटते.

शेजारचे मामा कुंपणावरून अप्पांना विचारायचे, सर, दोन-दोन रेडिओ कशाला, पाकिस्तानची मॅच आहे काय? अप्पा म्हणायचे, सरि.

त्या दिवसांची किती चित्रं आहेत, आणि सगळी उन्हात भिजलेली. पेपर देऊन घरी येताना रस्त्यावर उडदाच्या पेंढ्या पसरलेल्या असायच्या. शेतकरी त्या मुद्दाम डांबरी रस्त्यावर घालतात. बसगाड्या त्यावरून जातात, शेंगा फुटतात, मळणी आपोआप होते. चाकांखालचा तो चुरचुर आवाज, आणि बस गेल्यावर उठलेली धूळ, आणि धुळीत बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या. घरी आलं की दारातूनच गाणं. गाण्याच्या मध्ये कुठंतरी अम्मा. ती दिवसा अजून बघू शकत होती, पण डोळे मिटून चालायची. सराव म्हणायची. मी दारातून ओरडायची, “अम्मा, कोठें आहेस?” आणि ती ओरडायची, “तूं सांग की!” मी कान देऊन सांगायची. बहुतेकदा चुकायची.

परीक्षा संपल्यावर, पंगुनीच्या मध्यावर, आम्ही इन्नंबूरला मामाकडे गेलो. अम्माचा धाकटा भाऊ तिथं शेती बघायचा. अप्पांनी लॅबमधली दुर्बीण पिशवीतून आणली होती, लहान मुलाला न्यावं तशी छातीशी धरून. मामाला हे सगळंच गमतीचं वाटत होतं. “अक्का, काय दिसेल? ह्या वेळेस अगदीं मंद आहे म्हणतात.” अम्मा म्हणाली, “मंद तर मंद. माझें आहे.” संध्याकाळी तिनं केस धुतले, नवी साडी काढून ठेवली, तिरुभुवनम्‌ची, माझ्या लग्नात नेसायची म्हणून घेतलेली. मी हसले. “अंधारांत कोण पाहणार ग साडी?” ती म्हणाली, “आम्हीं एकमेकांस पाहायचें नाही की?” म्हणजे ती आणि नक्षत्र.

पहाटे उठून बांधावर गेलो. पुढं मामा कंदील घेऊन, मग अप्पा, त्यांच्या खांद्यावर अम्माचा हात, मागं मी. दव पडलेलं होतं. कापलेल्या उडदाचा हिरवट वास, कुठूनतरी कडुलिंब, लांब एखादं कुत्रं. मामानं कंदील विझवला आणि आभाळ एकदम खाली आलं. दक्षिणेला वृश्चिक उभा होता, नांगी वळवून. त्याच्या खाली मला ते दिसलं. खरं सांगायचं तर मी हिरमुसले. भिंतीला चुना लागलेलं बोट पुसावं तेवढंसं ते होतं. विडा खाणाऱ्यांच्या घरात अशा भिंती असतात. पिसारा नाही, काही नाही. आजोबांनी केवढी मोठी थाप मारली होती!

मग मी अम्माकडे बघितलं. अंधारात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण ती भलतीकडेच बघत होती, सरळ समोर, झाडांच्या रेषेकडे.  अप्पा तिच्या मागं उभे राहिले, दुर्बीण तिच्या हातात दिली आणि सांगायला लागले. “डावीकडे. थोडें वर. नाही, नाही, एथ वृश्चिक आहे, तेच्या नांगीपासून खालीं. अजून डावीकडे. अजून. आतां किंचित वर. वर. वर...” एवढं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज वाढत नव्हता, पण चढत होता, घट्ट होत होता. आणि दुर्बीण हळूहळू वळत होती. मामा श्वास धरून उभा. “तेथ. तेथ. तेंच. पाहिलीस की?”

अम्मानं दुर्बीण तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, “पाहिलें.”

अप्पांचा श्वास सुटला तो मला ऐकू आला. येताना ते गुणगुणत होते. बेसूरच. अम्मानं एकदाही टोकलं नाही. मामानं विचारलं, “कसें होतें अक्का?” तर म्हणाली, “अप्पा म्हणाले होते तसेंच.” म्हणजे तिचे अप्पा, माझे आजोबा. मला फार बरं वाटलं. मी विश्वास ठेवला. सोळाव्या वर्षी ज्यावर विश्वास ठेवावासा वाटतो त्यावर माणूस ठेवतोच. पुढं मी ज्यांच्या ज्यांच्याशी धूमकेतूबद्दल बोलले त्यांना अभिमानानं सांगितलं, माझ्या आईनं तो शेवटचा पाहिला. त्यानंतर तिचे डोळे गेले.

ते गेले तसेच, डॉक्टर म्हणाले होते तसे, कडेनं आत आत. अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत काहीच उरलं नाही. घर मात्र तिच्या हातात राहिलं. सार तीच करायची, विहिरीवर तीच जायची. दोन रेडिओंच्या मध्ये तिचं सगळं राज्य होतं. ट्रान्झिस्टरची बॅटरी उतरायला लागली की सगळ्यात आधी तिला कळायचं. “माझें सैपाकघर दूर जात आहे,” म्हणायची.

मी पुण्याला आले. एकदा, सत्त्याण्णव साली असेल, एक यान एका लघुग्रहाजवळून गेल्याची बातमी होती. नुसता काळा दगड, बाकी काही नाही. तो यानाला किंचित ओढतो, त्यानं यानाच्या रेडिओचा सूर केसभर हलतो, आणि त्या केसभर हलण्यावरून त्या दगडाचं वजन काढलं होतं. मी रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. अप्पांना सांगितलं. ते पलीकडे वळून अम्माला सांगत होते ते मला ऐकू येत होतं. मग अम्मा फोनवर आली. “तो दगड केवढा थोर ग?” म्हटलं, तसा ल्हानच. “मग तेच्यानें श्रुती हलते?” म्हटलं, हो.  बूथमधले लाल आकडे पळत होते. “हलेलच,” ती म्हणाली. “जवळून गेलें तर हलेलच.”

दोन वर्षांनी अप्पा गेले. तिण्णैवर पेपर वाचता वाचता, कुणालाही त्रास न देता. मला पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या. सगळं आटोपलं, नातेवाईक गेले, मी राहिले. पंगुनी लागला होता. तेव्हा मला दिसलं की अम्मा पुन्हा धडपडायला लागली आहे. भर दिवसा, स्वतःच्या घरात, खांबाला खांदा आपटत होती. मी मनात ठरवून टाकलं, आता हिला पुण्याला न्यायचं. बोलूनही दाखवलं. “तेथ मज ठाव लागायचा नाही,” ती म्हणाली. “तो एथही लागत नाही आतां,” मी म्हणाले, जरा रागानंच. म्हटल्यावर लक्षात आलं. पुढच्या खोलीतला रेडिओ अप्पा गेल्या दिवसापासून बंद होता. दुखवट्याचं घर म्हणून कुणीतरी बंद केला होता, आणि अम्मानं मागचा ट्रान्झिस्टर पुन्हा लावला तरी हा लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी जाऊन बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागला. मग घरघर, मग दूरवरून आल्यासारखं गाणं. चौकात अम्मा थांबली होती. तिनं मान किंचित वळवली, पाऊल उचललं, आणि खांबाला वळसा घालून सरळ माझ्यापाशी आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. कोल्लैत विहिरीच्या कठड्यावर बसली होती. कडुलिंबाची फुलं तिच्या केसांत पडत होती. मी शेजारी बसले. आभाळ स्वच्छ होतं, आणि दक्षिणेला, त्याच ऋतूत त्याच वेळी येतो तसा, वृश्चिक उभा होता. मला इन्नंबूरचा बांध आठवला. म्हटलं, “अम्मा, तुज आठवतें की? शेंडेनक्षत्र?”

“आठवत नाही कसें?”

“नक्की कसें दिसलें तुज?” इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

ती हसली. “अंधारांत मज काय दिसेल ग वेडे? तेव्हांच रात्रीचें गेलें होतें की.”

 माझ्या मनात आलं ते अप्पांचं. “तुज दिसलें नाही तें अप्पांस ठावें होतें?”

“डाक्टरानें त्यांसच तर सांगितलें. ठावें होतें, म्हणूनच तेवढें बोलले. नाहीतर घरांत कधीं बोलत होते?”  मग तिनं हात उचलला. “डावीकडे म्हणाले. थोडें वर. मग नांगीपासून खालीं. अजून डावीकडे म्हणाले तेव्हां श्रुती चढली, मज कळलें जवळ आलें. वर, वर, म्हणाले...” अप्पांचा तो घट्ट होत गेलेला आवाज तिच्या तोंडून जसाच्या तसा येत होता, सुरासकट. आणि हात आभाळात सरकत होता. “एथ येऊन आवाज थांबला. एथच होतें तें.”

मी तिच्या बोटाच्या रेषेत बघितलं. मी पदार्थविज्ञान शिकवते. असल्या गोष्टी पडताळून बघायची मला खोड आहे. वृश्चिकाच्या नांगीखाली, भिंतीला चुना पुसल्यासारखं मला जिथं दिसलं होतं, नेमकी तीच जागा होती. आता तिथं काही नव्हतं. तिचं बोट मात्र तिथंच होतं, जराही न हलता.

“मग पाहिलें म्हणून कां सांगितलीस?” मी विचारलं. 

“खोटें काय बोललें?” अम्मा म्हणाली. “ऐकून पाहिलें.”